खर्जाच्या नादी लागून

हॉस्टेलच्या प्रत्येक रूमला कसला ना कसला नाद असतो. कुठे कॅरम, कुठे क्रिकेट, कुठे नुसतीच झोप! आमच्या रूमला नाद लागला तो खर्जाचा, म्हणजे फुंकून वाजवायच्या पण अगदी खालच्या स्वराच्या वाद्यांचा.

सुरुवात झाली प्लंबरनं टाकून दिलेल्या पीव्हीसी पाइपच्या एका चार फुटी तुकड्यापासून. ऑस्ट्रेलियातले आदिवासी डिजरिडू नावाचं लांब पोकळ लाकडी वाद्य वाजवतात. त्याचीच ही गरिबाघरची आवृत्ती. पाइपचं तोंड पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केलं, ओठ सैल सोडले आणि घोडा फुरफुरतो तसं फुंकलं. पहिले दोन दिवस नुसती थुंकी. तिसऱ्या दिवशी मात्र असा काही घुमला की रेक्टर सर वर येऊन विचारते झाले, "कोणाचं पोट बिघडलंय रे?"

आता थोडं फिजिक्स. (घाबरू नका, वायवा नाही!) एक टोक ओठांनी बंद आणि दुसरं उघडं अशा सरळ नळीचा मूळ स्वर म्हणजे ध्वनीचा वेग भागिले लांबीची चौपट. आपल्या हवेत ३० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर. चार फूट म्हणजे १.२२ मीटर. भागाकार येतो जवळपास ७२ हर्ट्झ. मोबाईलवर मोजलं तर ७० आला. उघड्या टोकाशी हवेचा स्तंभ नळीच्या थोडा बाहेरपर्यंत हलतो, त्यामुळे नळी हिशेबापेक्षा जराशी लांब असल्यासारखी वागते. एवढा फरक चालायचाच.

यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. एक सप्तक खाली जायचं तर नळी दुप्पट लांब हवी. इथे शॉर्टकट नाही. पन्नालाल घोष यांनी ख्यालगायकीचं गांभीर्य बासरीत आणायला ३२ इंचांची लांब बासरी घेतली, ती याच कारणानं. बँडमधल्या मोठ्या टुबाची नळी उलगडली तर साडेपाच मीटर भरते. ती रुंदावत जाणारी असल्यामुळे तिचं गणित लांबीच्या दुपटीनं होतं आणि मूळ स्वर ३० हर्ट्झच्या आसपास येतो. अ‍ॅडॉल्फ सॅक्सनं १८४६ मध्ये पॅरिसला सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. त्याच घराण्यातला काँट्राबास सॅक्सोफोन माणसापेक्षा उंच आणि वजनाला वीस किलोच्या घरात. म्युनिकच्या बेनेडिक्ट एपेल्सहाइम यांनी १९९९ मध्ये त्याचीच नळी अरुंद करून, जास्त घड्या घालून ट्युबॅक्स बनवला. सिडनी टाउन हॉलमधल्या १८९० च्या ऑर्गनला तर ६४ फुटी स्वरांची रांग आहे. तिचा तळाचा स्वर ८ हर्ट्झ. माणसाचा कान साधारण २० च्या खाली स्वर म्हणून ऐकतच नाही! असली वाद्यं थोडी, बनवणारे त्याहून थोडे. म्हणून ज्यांना हे वेड आहे ते जगाच्या पाठीवर कुठेही असले तरी एकमेकांना शोधून काढतात. आमच्या रूमचंही तसंच झालं, फरक एवढाच की आम्हाला आमचा माणूस मिरकरवाड्यात सापडला.

माझा रूमपार्टनर मिरकरवाड्याचा. एका रविवारी पाइप घेऊन त्याच्या घरी गेलो. गच्चीवरून समोर बंदरातल्या बोटींची गर्दी आणि पलीकडे रत्नदुर्ग. मी फुंकायला सुरुवात केली तसे त्याचे चाचा वर आले. सगळी उमर तांडेल म्हणून बोटीवर गेलेली. क्षणभर ऐकून म्हणाले, "हा मोठ्या जहाजाचा भोंगा. रातचा ऐकलास तर झोप उडेल तुझी." मग त्यांनी सांगितलं. एकदा पहाटे धुकं दाटलेलं, हाताचं दिसेना. त्यांनी इंजिन बंद करून कान दिला. कानापेक्षा पोटातच जाणवावा असा भोंगा आला. दिवा दिसायची वाट न बघता त्यांनी बोट वळवली. "बारीक आवाज असता तर थांबलो असतो. हा आवाज थांबणाऱ्याचा नाही."

मला वाटलं, अनुभवाचं बोलणं आहे. हॉस्टेलवर येऊन समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम काढले आणि गारच पडलो. २०० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाचा भोंगा ७० ते २०० हर्ट्झचा हवा, ७५ ते २०० मीटरवाल्याचा १३० ते ३५०, आणि त्याहून लहानाचा २५० ते ७००. म्हणजे १३० च्या खालचा भोंगा ऐकू आला तर समोर २०० मीटरच्या वरचं धूड आहे, असं समजायचं. आमचा चार फुटी पाइप बरोबर त्या खालच्या सीमेवर घुमत होता!

याच नियमांत भोंगा किती लांब ऐकू गेला पाहिजे तेही दिलंय. २०० मीटरच्या जहाजाचा दोन सागरी मैल, २० मीटरच्या आतल्या बोटीचा फक्त अर्धा मैल. आता गणित करा. जहाज ताशी १२ मैलांनी येतंय. बोटवाल्याला त्याचा भोंगा दहा मिनिटं आधी कळतो. जहाजावर बोटीचा भोंगा पोचतो तेव्हा उरलेली असतात अडीच मिनिटं, आणि भरल्या जहाजाला थांबायला एक-दोन किलोमीटरही लागतात. म्हणजे वळायचं कोणी? ज्याला आधी ऐकू आलं त्यानंच. तेही स्वतःचं इंजिन धडधडत नसेल तरच. जयगड बंदरात २००९ पासून मोठी मालवाहू जहाजं येऊ लागली आहेत, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर हे गणित काही पुस्तकातलं नाही.

चाचांना हर्ट्झ माहीत नाही. आम्हाला हर्ट्झ माहीत होतं, पण ते कशाशी खातात हे गच्चीवर कळलं. तो पाइप आता त्यांच्याकडेच आहे. नव्यानं बोटीवर जाणाऱ्या पोरांना ते फुंकून ऐकवतात आणि सांगतात, "हा आवाज आला की पहिलं इंजिन बंद, दुसरं कान उघडे."

तुम्हीही चार फुटी तुकडा मिळवून करून बघा. फक्त रात्री दहानंतर नको, रेक्टर सर अजून विसरलेले नाहीत!