शिंपल्यांची साक्ष

मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आमच्या वाचकांस शिंपला ही वस्तु नवी नाहीं. तिसऱ्यांचें कालवण आणि खडकावरून फोडून आणलेलीं कालवें ज्यांच्या घरीं नित्याचीं, त्यांस शिंपल्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. परंतु मांस काढून घेतल्यावर जें कवच आपण परसांत टाकतों, किंवा ज्याचा आपल्या वडिलांच्या काळीं भट्टींत भाजून चुना करीत असत, त्या कवचांत समुद्राचा वृत्तान्त लिहिलेला असतो. तो वाचण्याची रीति विद्वानांनीं शोधून काढली आहे. ती रीति साध्या शब्दांत सांगावी, आणि तिचा आपल्या खाड्यांशीं काय संबंध आहे तें दाखवावें, हा ह्या पाठाचा हेतु आहे.

ज्या प्रश्नासाठीं ह्या रीतीची गरज पडते तो प्रथम ध्यानांत घ्यावा. खाडीकांठच्या कोणत्याही वाडींत वृद्ध माणसें म्हणतात कीं, पूर्वीं एका ओहोटींत टोपलीभर तिसऱ्या निघत, आतां तशा निघत नाहींत. तरुण म्हणतात कीं, म्हाताऱ्यांस मागचें सर्वच मोठें दिसतें. ह्या वादाचा निकाल कसा लागावा? शंभर वर्षांपूर्वीं खाडींत उतरून कोणी तिसऱ्या मोजल्या नाहींत. माणसाची आठवण दोन पिढ्यांपलीकडे पोहोंचत नाहीं. मात्र खाडीच्या चिखलांत त्या काळच्या तिसऱ्यांचीं कवचें अजून पडून आहेत. साक्ष घ्यावयाची तर ती त्यांचीच घेतली पाहिजे.

१. शिंपला कसा होतो व कसा टिकतो

शिंपल्यांतील प्राण्यास हाडें नसतात. त्याचें अंग मऊ असतें. पाण्यांत विरघळलेला चुना तो आपल्या अंगांत घेतो आणि त्याचे पातळ थर कवचाच्या कडेस व आंतल्या बाजूस चढवीत जातो. प्राणी मेला म्हणजे त्याचें मांस थोड्याच दिवसांत नाहींसें होतें, परंतु कवच मागें राहतें. तें चिखलांत किंवा वाळूंत लवकर पुरलें गेलें तर हजारों वर्षें टिकतें, आणि त्यावर खडकाचे थर बसले तर कोट्यवधि वर्षेंही टिकतें. अशा जुन्या अवशेषास जीवाश्म म्हणतात.

आमच्या जिल्ह्यांतील जांभ्या दगडांत मात्र शिंपले शोधूं नयेत. जांभा होतांना पावसाच्या पाण्यानें त्या दगडांतील चुना धुऊन जातो, आणि कवच तर चुन्याचेंच असतें. शोध करावयाचा तो खाडीच्या गाळांत, किनाऱ्याच्या वाळूच्या थरांत, आणि कोंकणच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणीं आढळणाऱ्या शिंपल्यांच्या दगडांत. हा दगड म्हणजे चुन्यानें घट्ट झालेली शिंपल्यांची वाळू होय. पाण्यांतील चुना कणाकणांच्या मध्यें बसतो, आणि गवंड्यानें गिलावा करावा तसे ते कण एकमेकांस चिकटून जातात. गुहागरच्या किनाऱ्यावरील अशा दगडाचें वय व त्यांतील प्राणी ह्यांचा अभ्यास पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं केला आहे. किनाऱ्यावरचे असे थर भूगर्भाच्या हिशेबानें कालचेच होत, परंतु माणसाच्या आठवणीपेक्षां ते फार जुने आहेत.

२. तो काय काय सांगतो

पहिली गोष्ट म्हणजे राहण्याची जागा. प्रत्येक जातीचें घर ठरलेलें असतें. कालवें भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यांत खडकास चिकटतात, तिसऱ्या वाळूंत व चिखलांत रुतून राहतात, कांहीं जाति गोड्या पाण्याशिवाय जगत नाहींत, तर कांहींस निव्वळ खारें पाणी लागतें. म्हणून एखाद्या थरांत कोणत्या जाति किती आहेत हें मोजलें म्हणजे तेथें त्या काळीं कसलें पाणी व कसला तळ होता हें कळतें. खडकास चिकटलेलीं जुनीं कालवें आजच्या उधाणाच्या रेषेच्याही बऱ्याच वर सांपडलीं, तर तेथें समुद्र खालीं गेला किंवा जमीन वर आली, असें अनुमान निघतें.

दुसरी गोष्ट म्हणजे हवामान. झाडाच्या बुंध्याप्रमाणें शिंपल्यावरही वाढीच्या रेषा असतात. पावसाळ्यांत खाडीचें पाणी गोडें झालें म्हणजे खाऱ्या पाण्यांतील प्राण्याची वाढ मंदावते, आणि तिची खूण कवचावर राहते. शिवाय कवचांत जो प्राणवायु असतो त्यांत हलका व जड असे भेद आहेत, व त्यांचें प्रमाण पाण्याच्या उष्णतेप्रमाणें बदलतें. ह्यावरून जुन्या समुद्राची उष्णता मोजतां येईल, असें अमेरिकेंतील हॅरल्ड युरी ह्या रसायनशास्त्रज्ञानें १९४७ सालीं दाखविलें. खाडीच्या शिंपल्याविषयीं मात्र जपून बोलावें लागतें, कारण पावसाचें पाणी मिसळल्यानेंही तें प्रमाण बदलतें.

तिसरी गोष्ट म्हणजे शत्रु. किनाऱ्यावर मुलें वाटोळ्या भोंकाचे शिंपले वेंचून त्यांच्या माळा करतात. तीं भोंकें बहुधा एका मांसाहारी गोगलगाईच्या जातीनें पाडलेलीं असतात. ती आपल्या खरखरीत जिभेनें कवच कोरते आणि आंतील प्राणी खाऊन टाकते. शंभर शिंपल्यांत किती भोंकांचे आहेत हें मोजलें म्हणजे त्या काळीं कोण कोणास खात होता ह्याचा थोडा हिशेब हातीं येतो.

चौथी गोष्ट म्हणजे वय. कवचांतील चुन्यांत कोळशाचें मूलद्रव्य असतें. त्यांतील एक किरणोत्सर्गी प्रकार प्राणी मेल्यापासून ठराविक गतीनें घटत जातो व सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा होतो. ह्यावरून वय काढण्याची रीति विलार्ड लिबी व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केली. सुमारें ५० हजार वर्षांपर्यंतच्या अवशेषांस ती लागू पडते.

३. महाराष्ट्रांतील व आसपासचीं उदाहरणें

ही विद्या आमच्या प्रांतास परकी नाहीं. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी रेव्ह. स्टीफन हिस्लॉप हे १८४५ सालीं नागपुरास आले. आपल्या कामासाठीं गांवोगांव फिरत असतां ते दगड पाहत व जमवीत. त्यांचे सहकारी रेव्ह. रॉबर्ट हंटर ह्यांच्यासह त्यांनीं नागपुराजवळ टाकळी येथें काळ्या दगडाच्या दोन थरांमध्यें सांपडलेल्या गाळांतून शंख, शिंपले, फळें व बिया जमविल्या. १८६० सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सभेच्या पत्रांत हिस्लॉप ह्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं नागपूरकडचे शंख गोड्या पाण्याच्या तळ्यांतले, आणि राजमहेंद्रीकडचे शंख-शिंपले खाडीच्या पाण्यांतले, असा भेद दाखविला. आज ज्या भागांत समुद्र नाहीं तेथें एके काळीं त्याचें पाणी शिरत होतें, हें केवळ कवचांच्या जातींवरून ठरविलें गेलें. हे थर सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचे आहेत असें आतां मानतात.

आमच्याच पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेस केरळांत कोल्लमजवळ चुनखडीचे थर आहेत. त्यांचें वय दीड ते दोन कोटि वर्षांच्या दरम्यान आहे. त्यांतील शिंपले व सूक्ष्म कवचें पाहून शास्त्रज्ञांनीं ठरविलें कीं, तेथें उथळ समुद्रांत गवताचीं कुरणें होतीं. गवत स्वतः टिकलें नाहीं, परंतु त्याच्या आश्रयास राहणाऱ्या जीवांच्या कवचांनीं त्याची खबर दिली.

कोंकणाच्या समोरील समुद्राची हकीकत तर ह्याहून नवलाची आहे. सुमारें २० हजार वर्षांपूर्वीं पृथ्वीवर बर्फ फार सांचलें होतें, म्हणून समुद्र आजच्यापेक्षां सुमारें १२० मीटर खालीं होता. त्या वेळीं किनारा सध्यांच्या जागेपासून कित्येक कोस पश्चिमेस होता, आणि सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर पुढें उभा राहिला तें बेट कोरड्या जमिनींतील एक टेंकडी असलें पाहिजे. गोव्यांत दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं पश्चिम समुद्राच्या तळाची वाळू काढून तपासली. आज पन्नास मीटरांहून अधिक खोल असलेल्या जागीं त्यांस उथळ पाण्यांत राहणाऱ्या प्राण्यांचीं कवचें मिळालीं, व त्यांतील पुष्कळांचें वय ९ ते १२ हजार वर्षें भरलें. तीं कवचें वाहून तेथें गेलीं नाहींत. पाणीच त्यांच्यावर चढत गेलें.

४. अलीकडचा बदल कसा कळतो

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. फार जुन्या काळासाठीं जी रीति कामास आली, तीच मागच्या शंभर किंवा हजार वर्षांसाठींही चालते.

अमेरिकेंतील कोलोराडो नदी मेक्सिको देशांत समुद्रास मिळते. त्या मुखापाशीं शिंपल्यांचे किनारे व बेटें बनलेलीं आहेत. मायकेल कोवालेव्स्की, कार्ल फ्लेसा व त्यांच्या सोबत्यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें तेथें निदान दोन लक्ष कोटि शिंपले आहेत. त्यांतील १२५ शिंपल्यांचीं वयें काढलीं तीं इ. स. ९५० पासून १९५० पर्यंतचीं निघालीं. ह्या हजार वर्षांत दर चौरस मीटरास सरासरी सुमारें ५० जिवंत शिंपले राहत असले पाहिजेत. संशोधकांनीं त्याच जागीं जिवंत शिंपले मोजले तेव्हां चौरस मीटरास अवघे तीन भरले, म्हणजे शेंकडा ९४ नाहींसे झाले होते. मधल्या काळांत वर नदीस धरणें बांधलीं गेलीं होतीं आणि तिचें पाणी शेतांत व शहरांत वळविलें गेलें होतें. नदी जें अन्न समुद्रास देत होती तें बंद पडलें. धरणापूर्वीं तेथें कोणीही शिंपले मोजले नव्हते, तरी नुकसानीचा आंकडा मिळाला, तो मेलेल्या शिंपल्यांनीं दिला.

शिकागो विश्वविद्यालयांतील सुझन किडवेल ह्या विदुषींनीं २००७ सालीं निरनिराळ्या समुद्रांतील अशा मोजण्या एकत्र करून पाहिल्या. जेथें तळास माणसाचा फारसा उपद्रव नाहीं तेथें मेलेल्या कवचांच्या जाति व जिवंत प्राण्यांच्या जाति बऱ्याच अंशीं जुळतात. जेथें सांडपाणी व खतें ह्यांचा मारा आहे, किंवा जाळ्यांनीं तळ खरवडला जातो, तेथें दोहोंचा मेळ बसत नाहीं. वाचकांनीं हें चांगलें ध्यानांत ठेवावें, कारण ही परीक्षा आपणही करूं शकतों.

मात्र साक्षीदाराची उलटतपासणी केल्यावांचून निकाल देऊं नये. लाट शिंपल्यास दूर नेते. नाजूक कवच लवकर फुटतें व जाड कवच टिकतें, म्हणून टिकलेल्यांची संख्या फसवी असूं शकते. एकाच मुठींत कालचा शिंपला व हजार वर्षांचा शिंपला शेजारीं असूं शकतात. ज्याच्या दोन्ही झांपा अजून जोडलेल्या आहेत तो प्राणी बहुधा तेथेंच राहिला व तेथेंच मेला असें समजावें. घासून गुळगुळीत झालेली एकेरी झांप दुरून आलेली असण्याचा संभव असतो.

५. आपण काय करावें

आमच्या खाड्यांतून वाळूचा उपसा होतो. ज्या वाळूंत तिसरी राहते तीच वाळू निघून जाते, आणि तिच्याबरोबर जुन्या शिंपल्यांचा थरही जातो. प्राणी गेला तर तो पुन्हा येण्याची कांहीं आशा असते. थर गेला म्हणजे पूर्वीं काय होतें हें सांगणारें कोणी उरत नाहीं, आणि मग गांवानें आपल्या खाडीची कैफियत मांडली तरी तिला आधार राहत नाहीं. म्हणून आम्ही खालील काम सुचवितों.

कर्ली, कोळंब, आचरा ह्यांसारख्या खाडीच्या कांठच्या गांवांतील शाळेनें ओहोटीच्या वेळीं उघडी पडणारी एक सुरक्षित जागा निवडावी. हातभर लांब व हातभर रुंद चौकोन आंखून वीतभर खोल गाळ काढावा व चाळणींत धुवावा. जिवंत प्राणी जातवार मोजून तेथल्या तेथें परत सोडावे. मेलेले शिंपलेही जातवार मोजावे, जोडीचे व एकेरी वेगळे लिहावे, भोंकांचे किती तेंही नोंदावें. वहींत तारीख, जागा व भरती-ओहोटीची वेळ लिहावी. पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां असें दर वर्षीं करावें. मालवण समुद्री अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें आहे. त्याच्या हद्दींत परवानगीवांचून कांहीं उचलूं नये.

विहीर किंवा पाया खणतांना शिंपल्यांचा थर लागला, तर तो फोडून टाकण्यापूर्वीं त्याची खोली मोजावी, चित्र काढून ठेवावें, आणि जवळच्या महाविद्यालयांतील किंवा दोनापावला येथील जाणत्यांस कळवावें. एका वर्षाच्या वहीवरून कोणतेंही अनुमान काढूं नये. दहा वर्षांची वही झाली म्हणजे म्हातारे खरे कीं तरुण खरे हें सांगतां येईल, आणि खाडीविषयीं कोणा अधिकाऱ्यापुढें बोलावयाचें झालें तर गांवाच्या हातीं आंकडे असतील.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. जांभ्या दगडांत शिंपले कां टिकत नाहींत?

२. हिस्लॉप ह्यांनीं तळ्याचे थर व खाडीचे थर कशावरून निराळे ओळखले?

३. कोलोराडोच्या मुखाशीं पूर्वींची गणती नसतांना नुकसानीचा आंकडा कसा मिळाला?

४. आपल्या खाडींत मेलेल्या शिंपल्यांमध्यें एक जाति पुष्कळ, परंतु जिवंतांमध्यें ती मुळींच नाहीं, असें आढळलें, तर निकाल देण्यापूर्वीं आपण कोणकोणत्या गोष्टी तपासाल?