ढगातील धूलिकण आणि आपला पाऊस

आषाढात घोटीच्या भातखाचरांवर अखंड कोसळणारा पाऊस सिन्नरकडे जाता जाता विरळ होतो. सह्याद्री चढताना ढग बहुतेक पाणी इकडेच देऊन टाकतात, हे आपण भूगोलात शिकतो. परंतु डोक्यावर पाण्याने भरलेला ढग असूनही तो कधी कधी का बरसत नाही? याचे एक उत्तर हवेतील सूक्ष्म कणांत आहे.

वाफेला थेंब होण्यासाठी कणाचा आधार लागतो. समुद्राचे मीठ, माती आणि धूर तो पुरवतात. कण मोजके असतील तर थेंब मोठे होतात, एकमेकांवर आदळून जड होतात आणि खाली येतात. धुरामुळे कण फार वाढले, की तेच पाणी असंख्य बारीक थेंबांत वाटले जाऊन तरंगत राहते. उंच वादळी ढगात मात्र हे थेंब वर जाऊन गोठतात. त्या वेळी सुटणारी उष्णता ढगाचे बळ वाढवू शकते आणि उशिरा, पण मुसळधार पाऊस पडू शकतो.

पर्जन्यछायेतीलच सोलापूर परिसरात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत विमानातून ढगांत कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा शोषणारे कण सोडले. काही ठिकाणी पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. मात्र ढगच नसेल, तर कोणतेही विमान पाऊस निर्माण करू शकत नाही.

विद्यार्थी मित्रहो, अवर्षण हा कोणाचा कोप नव्हे. त्यामागे कारणे असतात. आणि धुराचे कारण तर आपल्याच हाती आहे.