तुरुंगातला माणूस आणि त्याच्या मनाचा आजार

घरातला माणूस तुरुंगात गेला की आपण वकील शोधतो, जामिनासाठी धावतो. त्याला आधीपासून मानसिक आजार असेल तर चालू गोळ्यांचे काय, हे मात्र विचारायचे राहून जाते. गोळ्या अचानक बंद झाल्या तर आजार उलटू शकतो.

अशा आरोपीच्या मनाची तपासणी मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ करतात. ते त्याच्याशी बोलतात, चाचण्या घेतात, जुने कागद पाहतात. गोळ्या देणे हे मनोविकारतज्ज्ञांचे काम.

कोर्टापुढे दोन वेगळे प्रश्न असतात. घटना घडली तेव्हा आपण काय करतो आहोत हे त्याला कळत होते का? आणि आज तो खटला समजून स्वतःचा बचाव करू शकतो का? आज बचाव करता येत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 प्रमाणे खटला पुढे ढकलून उपचार करता येतात.

आपण काय करावे?

- जुन्या चिठ्ठ्या, केसपेपर यांच्या प्रती तुरुंगाच्या डॉक्टरांना आणि वकिलांना द्याव्यात.
- तपासणीसाठी वकिलांमार्फत कोर्टात अर्ज करावा.
- कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवाल कोर्टात जातो. म्हणून तपासणीआधी वकिलांशी बोलावे.
- वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळणे हा त्याचा हक्क आहे.

आजार लपवून अब्रू वाचत नाही. वेळेवर सांगितले तर आपला माणूस वाचतो.