व्यसनमुक्तीचे गणिती प्रतिमान

४.१ प्रास्ताविक

‘त्याची दारू सुटली’ हे वाक्य जळगाव-धुळे परिसरात आपण सर्वांनीच ऐकले असेल. काही महिन्यांनी त्याच माणसाविषयी ‘पुन्हा प्यायला लागला’ असेही कानी येते आणि ‘मनाचा कच्चा’ म्हणून त्याला दोष दिला जातो. ‘सुटली’ या क्रियापदात क्रिया पूर्ण झाल्याचे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक कितपत खरे आहे, याचा विचार गणिती प्रतिमानाच्या साहाय्याने आपण प्रस्तुत घटकात करणार आहोत.

४.२ पार्श्वभूमी

वास्तवातील मोजके घटक निवडून त्यांच्यातील संबंधांची केलेली मांडणी म्हणजे प्रतिमान होय. केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली साथरोगाचे प्रतिमान मांडले, तेव्हा त्यांनी ते मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्युसंख्येशी ताडून पाहिले होते. लोकसंख्येचे गट पाडायचे आणि एका गटातून दुसऱ्या गटात माणसे कोणत्या वेगाने जातात हे समीकरणात लिहायचे, ही त्यामागील पद्धती. २००७ साली व्हाइट आणि कॉमिस्की यांनी आयर्लंडमधील हेरॉइनच्या व्यसनाला हीच पद्धती लावली. त्यांनी तीन गट मानले : व्यसनाचा धोका असलेले, व्यसनात असलेले आणि उपचार घेणारे. तिसऱ्या गटातून दुसऱ्या गटाकडे परत जाणारी वाटही त्यांनी दाखवली. व्यसनमुक्ती केंद्रांत तिला ‘रिलॅप्स’ म्हणतात.

४.३ उदाहरण

खानदेशातील एक कल्पित गाव घेऊ. तेथे १२० जणांना दारूचे व्यसन जडले आहे. नवीन कोणी व्यसनात पडत नाही असे तूर्त मानू. पिणाऱ्यांपैकी दरमहा १० टक्के लोक दारू थांबवतात, तर थांबवलेल्यांपैकी २० टक्के पुन्हा पिऊ लागतात. अखेरीस ८० पिणारे आणि ४० थांबलेले अशी स्थिती येते, कारण दरमहा ८ जण जातात व ८ जण परततात.

आता दोन उपाय तपासू. पहिला, थांबवणाऱ्यांचे प्रमाण २० टक्के करणे. दुसरा, परतणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांवर आणणे. दोन्हींत ६० पिणारे व ६० थांबलेले असेच उत्तर येते. मात्र पहिल्या उपायात केंद्राला दरमहा १२ जणांवर उपचार करावे लागतात, दुसऱ्यात केवळ ६ जणांवर. म्हणजे उपचारानंतरचा पाठपुरावा हाही उपचाराचाच भाग ठरतो. गट व प्रमाणे वाढली की हेच गणित संगणक महिन्यामागून महिना करून दाखवतो.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिल अवचट व डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. ‘गर्द’ म्हणजे ब्राउन शुगरच्या व्यसनाचा प्रश्न त्यामागे होता. तेथेही घरी परतलेल्या रुग्णाचा पाठपुरावा आणि कुटुंबाचा सहभाग यांना महत्त्व दिले गेले. आपल्या उदाहरणातील दुसरा उपाय तो हाच.

४.४ मर्यादा

प्रतिमान सरासरी सांगते. एखाद्या घरातील पोळ्याच्या दिवशीचे भांडण किंवा पत्नीची धास्ती त्यात मावत नाही. आपण नवीन पिणारे वगळले, हेही विसरू नये. आयरिश अभ्यासात ते धरले होते आणि तेथे उपचारापेक्षा प्रतिबंध अधिक परिणामकारक ठरला. प्रतिमान वाचताना काय घेतले याइतकेच काय वगळले हेही विचारावे.

४.५ सारांश

परतीची वाट मान्य केली की ‘मनाचा कच्चा’ हा शेरा अपुरा ठरतो. ज्याची दारू ‘सुटली’, तो कधीच न प्यायलेल्या माणसाच्या गटात जात नाही. त्याला सोबतीची गरज उरतेच.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. परतणाऱ्यांचे प्रमाण ५ टक्के झाल्यास पिणारे किती उरतील? (उत्तर : ४०)
२. व्यसनासंबंधी आपल्या बोलीतील पाच वाक्प्रयोग नोंदवा व प्रत्येकातील गृहीतक स्पष्ट करा.