मोटर फिरते, पाणी चढत नाही

राजुऱ्यातल्या एका कुटुंबाची घरची विहीर भर उन्हाळ्यातही आटत नाही. तरी एका मे महिन्यात वरच्या टाकीत पडणारी धार करंगळीएवढी झाली. मिस्त्रीने एक एचपीची मोटर काढून दीडची बसवली. धार तशीच राहिली, वर पंपातून खडे घुसळल्यासारखा आवाज येऊ लागला. शेवटी दोराला दगड बांधून विहिरीत सोडला, तेव्हा कळलं की पाणी मोटरच्या चौथऱ्यापासून सव्वीस-सत्तावीस फूट खाली गेलं आहे.

काठावरची मोटर पाणी ओढते, असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात ती पाइपमध्ये पोकळी करते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब पाण्याला फार तर ३४ फूट चढवू शकतो, तेही कागदावर. पाइपमधलं घर्षण आणि सांध्यांतली घट धरली तर २२ ते २५ फुटांपुढे भरवसा नाही. एचपी वाढवून हवेचा दाब वाढत नाही. उलट मोठी मोटर जास्त जोराने ओढू पाहते, पंपातल्या पंख्यापाशी पाण्याच्या वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात आणि पंखा खरवडला जातो. त्यामुळे ‘मोठी मोटर टाका’ हा सल्ला अशा वेळी सपशेल चुकीचा. मोटर खालच्या टप्प्यावर उतरवावी, जेट पंप लावावा, नाहीतर पाण्यात बुडणारी सबमर्सिबल घ्यावी. सबमर्सिबल खालून ढकलते, म्हणून तिला ही मर्यादा नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पाणी खोल जातं, हे इथल्या लोकांना सांगायला नको. त्यात राजुऱ्याजवळच्या सास्ती, गोवरी भागातल्या खुल्या कोळसा खाणी. खाण कोरडी ठेवायला सतत उपसा करावा लागतो आणि अशा उपशाने लगतच्या विहिरींची पातळी उतरू शकते. म्हणून जानेवारीत एकदा आणि मे महिन्यात एकदा पातळी मोजून भिंतीवर लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी तोच आकडा कामी येतो.

पातळी ठीक असेल, तर दोष कुठे आहे ते एका बादलीने समजतं. दहा लिटरची बादली टाकीत पडणाऱ्या धारेखाली धरून किती सेकंदांत भरते ते पाहावं. तिथे धार जोमदार आणि नळाला मात्र बारीक, तर विहिरीला नि मोटरला हात लावायचं कारण नाही. दोष टाकीपासून नळापर्यंतच्या पाइपात. राजुरा-कोरपना पट्टा चुनखडीचा, पाणी जड. जुना लोखंडी पाइप कापला की आत पांढरट-तांबूस थराचे वेढे दिसतात आणि मधे पेन्सिल जेमतेम जाईल एवढं भोक. मोकळा व्यास निम्मा झाला की तेवढंच पाणी पुढे ढकलायला जवळपास ३२ पट दाब खर्ची पडतो. आधी नळाची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावी. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. पाइपच चोंदला असेल, तर तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

टाकीतच धार बारीक असेल, तर व्होल्टेज पाहावं. ते २३० वरून १८४ वर उतरलं, म्हणजे ८० टक्के राहिलं, की मोटरचा फिरवण्याचा जोर ६४ टक्क्यांवर येतो. मोटर नुसती गुणगुणत असेल आणि उचल घेत नसेल, तर कंडेन्सर बदलून पाहावा. तो स्वस्त असतो.

रोज सकाळी मोटरीत पाणी ओतावं लागत असेल, तर ओढीच्या पाइपच्या तळाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय, नाहीतर तो पाइप हवा घेतोय. ही गळती डोळ्यांना दिसत नाही, कारण मोटर चालू असताना तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. मोटर बंद करून पाइप काठोकाठ भरावा. पाझरणारा सांधा थोड्या वेळात ओला होतो.

फूट व्हॉल्व्ह साफ करायला मात्र माणूस विहिरीत उतरवू नये. पाइप वर ओढून घ्यावा. गाळ काढण्यासाठी विहिरीत डिझेल इंजिन उतरवणं तर जीवघेणं. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वासावरून ओळखू येत नाही आणि दिवा खाली सोडूनही कळत नाही. दिवा तेवत राहतो आणि माणूस बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरला की तोही सापडतो. इंजिन काठावर, वाऱ्याच्या दिशेने पलीकडे ठेवावं. उतरणं टळतच नसेल, तर ते जाणकार पथकाकडे सोपवावं. कमरेला दोर आणि वर तो धरणारी माणसं असल्याशिवाय कुणालाही पायरीवरून खाली जाऊ देऊ नये, आणि आत कुणी पडलाच तर स्वतः न उतरता दोराने वर ओढून अग्निशमन दलाला बोलवावं.