क्लबहाऊसमधल्या लढाईआधी

चि. मुग्धास,


दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये फोम-डार्टची लढाई ठरली आहे आणि सहा जणांच्या टीमची तू कॅप्टन आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. कोणता ब्लास्टर घेऊ, असं तू विचारलं आहेस. त्याचं उत्तर देतोच, पण आधी डोळ्यांचं बोलू.

बाजूनेही बंद असलेला सेफ्टी गॉगल प्रत्येकाने लावल्याशिवाय खेळ सुरू करू देऊ नकोस. 2017 मध्ये लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली होती. दोन मोठी माणसं आणि 11 वर्षांचा एक मुलगा. तिघांच्या डोळ्यांना असाच खेळण्यातला डार्ट लागला होता आणि डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साकळलं होतं. डार्टचं वजन जेमतेम एक ग्रॅम, पण तो सेकंदाला वीसेक मीटर वेगाने येतो आणि त्याचं टोक फोमचं नसतं. हार्डवेअरच्या दुकानात चष्म्यावरून बसणारे गॉगलही मिळतात. बघायला आलेल्या लहान भावंडांनाही तेच. ज्याच्याकडे गॉगल नाही त्याने हॉलबाहेर थांबायचं, मग तो कितीही रुसो.

याच कारणाने ब्लास्टर उघडून जाड स्प्रिंग बसवायला माझा साफ विरोध आहे. वेग दुप्पट झाला की डार्टमधली ऊर्जा चौपट होते. असे ब्लास्टर विकणाऱ्या नर्फ या ब्रँडची सुरुवातच घरात खेळायच्या चेंडूने झाली. पार्कर ब्रदर्सने 1970 मध्ये तो फोमचा चेंडू बाजारात आणला, डार्ट मागाहून आले. आठ-दहा मीटरच्या हॉलमध्ये खोक्यावर छापलेल्या 27 मीटर पल्ल्याचा उपयोग काय?

आता ब्लास्टर. एका प्रकारात स्प्रिंग ओढायची, चाप दाबला की दट्ट्या पुढे येतो आणि हवेच्या दाबाने डार्ट सुटतो. दुसऱ्यात मोटरवर फिरणारी दोन चाकं डार्टला चिमटीत धरून पुढे भिरकावतात. चाकांचा ब्लास्टर भराभर चालतो, पण वेग घ्यायला त्याला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात त्याची घरघर भिंतीपलीकडच्या माणसालाही कळते. बाहेर मैदानात हे चालून जातं. बंद हॉलमध्ये तो आवाज म्हणजे आपला पत्ता सांगणं. म्हणून सहांपैकी चौघांना नर्फच्या स्ट्राँगआर्मसारखे सहा डार्टचे, हाताने ओढायचे ब्लास्टर दे आणि दोघांनाच स्ट्राइफसारखे चाकांचे, मॅगझिनचे. स्ट्राइफला चार पेन्सिल सेल लागतात. ते नवे घाल, उतरलेल्या सेलवर डार्ट अर्ध्या वाटेत पडतो.

ब्लास्टरपेक्षा डार्टकडे जास्त लक्ष दे. खेळाआधी प्रत्येक डार्ट टेबलावर घरंगळवून बघ. सरळ गेला तर ठेव, डुगडुगला तर बाजूला काढ. टोक अंगठ्याने हलकेच ओढून पाहा, डिंक सुटलेला असेल तर तो टाकूनच दे. चाकांनी चेपलेले डार्ट वेडेवाकडे जातात आणि दोष नेमबाजाला मिळतो. मॅगझिन आदल्या रात्री भरून ठेवू नकोस, स्प्रिंगच्या दाबाने आतले डार्ट चपटे होतात.

खेळ मात्र जिंकायचा तो जोडीने. अमेरिकेत शिकत असताना आम्ही एका जुन्या इमारतीच्या बोळांमध्ये हा खेळ खेळायचो. तिथे सर्वांत चांगला नेम असलेला मुलगा बहुतेक वेळा सर्वांत आधी बाद व्हायचा, कारण तो एकटा पुढे जायचा. कबड्डीत साखळी धरतात ना, हात सुटला की चढाईवाला नेमका तिथूनच निसटतो, तसं समज. तुमच्या तीन जोड्या कर आणि त्या शेवटपर्यंत मोडू नकोस. एकीचे डार्ट संपले की तिने मोठ्याने “भरतेय!” म्हणायचं आणि जोडीदाराने तिच्या बाजूवर नजर ठेवायची. दोघींनी एकाच वेळी भरायला बसायचं नाही. समोरच्याचे डार्टही मोजत राहा. सहावा सुटला की तो खाली बघणार. तेव्हाच पुढे सरकायचं.

कोपऱ्याला चिकटून उभं राहण्याची सवय सगळ्यांना असते, ती मोडायला वेळ लागेल. चिकटून उभं राहिलं की नळी आधी बाहेर दिसते आणि डोळे नंतर पोचतात. भिंतीच्या कडेपासून एक-दोन पावलं मागे राहा आणि अर्धवर्तुळात बाजूला सरक, म्हणजे पलीकडची खोली थोडी थोडी उघडत जाते. उजवीकडच्या आडोशामागून डावीकडे झुकताना ब्लास्टर डाव्या हातात घ्यायचा, नाहीतर अर्धं अंग उघडं पडतं. हे घरी आरशासमोर कर, आपण किती दिसतो ते लगेच कळेल. आणि दाराच्या चौकटीत कुणी थांबायचं नाही. आत जा नाहीतर मागे ये.

आक्रमण करताना तिन्ही जोड्या एका दारातून घालू नकोस. एका जोडीने समोरून गुंतवून ठेवायचं, दुसरीने बाजूने काटकोनात यायचं. खुर्चीचा आडोसा एका दिशेचाच असतो. तिसरी जोडी मागे, गडबड झाली तर धावायला.

डार्ट लागला की ज्याला लागला त्यानेच हात वर करून “आउट” म्हणायचं. पंच सगळीकडे पाहू शकत नाही. तुझ्या टीममधलं कुणी रडीचा डाव खेळलं तर कॅप्टन म्हणून त्याला तूच बाहेर बसव, समोरच्यांनी तक्रार करायच्या आधी.

आणि ब्लास्टर पिशवीत घालूनच ने-आण करा. नळीचं नारिंगी टोक रंगवू नका, लांबून पाहणाऱ्याला ते खेळणं आहे हे त्यावरूनच कळतं.

आता एक काम कर. क्लबहाऊसचा हातानेच नकाशा काढून फोटो पाठव. खांब कुठे आहेत, दारं किती, टेबल टेनिसचं टेबल हलवता येतं का, दिवे कुठल्या बाजूला आहेत, सगळं लिही. मग रविवारी फोनवर बसून तिन्ही जोड्यांच्या जागा ठरवू.

तुझा,
प्रशांतमामा