हँडल उंच, वायर तोकडी

आळंदीला कार्तिकीच्या गर्दीत कीर्तनाला उभा राहिलो, गळ्यात मृदंग अडकवला आणि पहिल्याच ठेक्याला कळलं, की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जागेवर आहे, पण त्यात जीव नाही. थाप पडत होती, ती हाताला लागत नव्हती. ‘तिटकत’ वाजवायला जावं तर नुसताच ‘चट’ असा कोरडा आवाज. शेजारच्या टाळकऱ्यानं एकदा माझ्याकडं, एकदा मृदंगाच्या शाईकडं पाहिलं. त्याला वाटलं पुडी उतरली असावी. मी थंडीवर ढकललं, कीर्तन संपल्यावर शेकोटीशी हात धरून बसलो. हात गरम झाले, बोटं तशीच.

थंडी नव्हती ती. आमच्या ताडकळसहून आळंदीपर्यंत साडेतीनशेच्या वर किलोमीटर मोटारसायकलवर आलो होतो, आणि त्याच्या पंधरा दिवस आधी ती मोटारसायकल मी ‘आरामशीर’ करून घेतली होती. साडेसहा हजार रुपये मोजून.

आमच्याकडं मृदंग वाजवणाऱ्याला गाडी लागतेच. रात्री नऊ ते अकराचं कीर्तन आटोपून निघावं तर एसटी नसते आणि रेल्वे धरायची तर परभणी नाहीतर पूर्णा गाठायची. सप्ताहाच्या हंगामात आज गंगाखेडकडं, उद्या नर्सीकडं, परवा औंढ्याकडं असा फेरा असतो. मागच्या सीटवर दहा-बारा किलोचा मृदंग बांधलेला. रस्ते काळ्या मातीवरचे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचं डांबर तिच्याबरोबर वर-खाली होतं. त्यामुळं खड्डा नसला तरी लाटा असतात. चाळिशी उलटल्यावर त्या लाटा कंबरेत मोजता यायला लागल्या. तेव्हा ठरवलं, गाडी सुधारायची.

सुधारलं काय काय? सीट भरून घेतली. जुना फोम काढून चार बोटं जाड, दाबला की हात आत जाईल असा मऊ फोम टाकला. हँडलखाली ठोकळे घालून ते दीड-दोन इंच वर घेतलं. “महाराज, पाठ एकदम सरळ ऱ्हाती बघा,” असं दुकानदार म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मुठींवर स्पंजाची जाड ग्रिप चढवली. ती बसेना म्हणून हँडलच्या दोन्ही टोकांची लोखंडी वजनं काढून टाकली. मी ती घरी नेली नाहीत, दुकानातच राहिली. बॅगेसाठी मागं लोखंडी चौकट ठोकून घेतली, तिला साडीगार्ड आडवं येतं म्हणून ते काढलं. सगळं एकाच दिवशी, चहा पीत. आई ओट्यावरून म्हणाली, “कशाला एवढे पैसे घालायलास? वाकळ टाक की घडी घालून.” मी हसलो होतो.

पहिले साठ किलोमीटर गादीवर बसल्यासारखे गेले. मानवत, पाथरी, ढालेगावचा गोदावरीवरचा पूल. माजलगावात चहाला उतरलो तेव्हा मांड्या जड झाल्या होत्या. पाडळशिंगीच्या पुढं दर पाच मिनिटांनी बूड इकडचं तिकडं करत होतो. करंजी घाटात माकडहाडात कळ मारायला लागली. नगरला उतरून उभा राहिलो, तर पाठीत सळई घातल्यासारखी. आणि उजवी दोन बोटं तिथूनच मुंग्यांच्या ताब्यात.

पण खरा दणका परतीत बसला. परभणी मागं टाकली, ताडकळस जवळ आलं, आणि एका फाट्यावर ओळखीच्या माणसानं हाक मारली. गाडी वळवून घ्यावी म्हणून अगदी हळू, पाय टेकत, हँडल डावीकडं पुरतं फिरवलं. मूठ मी पिळली नव्हती. तरी इंजिन एकदम किंचाळलं आणि गाडी पुढं झेपावली. घाबरून पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी होणारच, तशी ती झाली. मला गुडघ्याला खरचटलं. मृदंग मात्र दगडावर आपटला आणि त्याच्या खोडाला वीतभर चीर गेली.

कारण नंतर दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं दाखवलं. हँडल वर गेलं, एक्सिलेटरची वायर मात्र तेवढीच राहिली. सरळ चालताना ती जेमतेम पुरत होती. हँडल पुरतं वळवलं की ताणली जायची आणि आपोआप रेस वाढायची. हायवेवर हँडल एवढं वळतच नाही, म्हणून जाऊन-येऊन सातशे किलोमीटरांत ते कळलं नाही. ते कळणार होतं ते गल्लीत, फाट्यावर, पेट्रोलपंपावर, म्हणजे जिथं माणसं पायी चालतात तिथं.

हे एवढ्यासाठी सविस्तर सांगतो आहे, की ज्याला हँडल वर घ्यायचं असेल त्यानं दुकानातून निघण्यापूर्वी दोन मिनिटं खर्च करावीत. गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. हँडल डावीकडं अडेपर्यंत, मग उजवीकडं अडेपर्यंत फिरवा. रेसचा आवाज जराही बदलला, तर वायर तोकडी आहे किंवा चुकीच्या वाटेनं ओवली आहे. तसंच क्लचचं. लिव्हरला जो थोडा ढिलेपणा असतो तो दोन्ही टोकांना तेवढाच राहिला पाहिजे. डिस्कब्रेकचा पाइपही कुठं ताणलेला दिसता कामा नये. लांब वायर मिळते, महाग नसते. ती नको असेल तर हँडल आहे तिथंच राहू द्या.

आणि खरं विचाराल तर बहुतेकांना हँडल वर घ्यायची गरजच नसते. मलाही नव्हती. अगदी ताठ बसलं की हातांवरचा सगळा भार कण्यावर येतो आणि रस्त्यातली प्रत्येक लाट सरळ मानेपर्यंत चढते. कंबरेतून किंचित पुढं झुकलेलं, कोपरं थोडी वाकलेली, गुडघ्यांनी टाकी हलकेच धरलेली, अशी बैठक जास्त काळ टिकते. मृदंगावर तासन् तास बसणाऱ्यानं हे विसरावं याची मला जास्त लाज वाटली. ताठ खांबासारखा बसणारा वादक पहिल्या तासातच थकतो.

माझ्या बोटांचं मूळ दोन ठिकाणी निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, की करंगळी आणि अर्ध्या अनामिकेला जाणारी नस कोपरातून येते आणि तळहाताच्या बाहेरच्या कडेनं जाते. त्या कडेवर तासन् तास भार आणि कंप पडला की ही दोन बोटं बधिर होतात. भार का पडत होता? ग्रिप इतकी जाड, की मूठ मिटेना, म्हणून मी ती आवळून धरत होतो. कंप कुठून आला? मी दुकानात टाकून आलेली ती वजनं. हँडलच्या टोकाला लोखंड शोभेसाठी नसतं, इंजिनाची थरथर हातापर्यंत पोचू नये म्हणून ते तिथं असतं. वजनं परत बसवली, साधी रबरी ग्रिप घातली. मिस्त्रीनं इंजिनाचे बोल्टही तपासले, एक ढिला होता. वाळलेल्या चेनला तेल दिलं. थरथर निम्म्यानं तरी उतरली. बोटं पूर्ण शुद्धीवर यायला मात्र महिना लागला, आणि त्या महिन्यात मी दोन सप्ताह सोडले. बधिरपणा रात्रभर झोपूनही गेला नाही, तर गाडी दुरुस्त करत बसू नका, आधी डॉक्टरकडं जा.

याच थरथरीची आणखी एक गोष्ट. हँडलवर मोबाइल अडकवून रस्ता बघत जाणारे आता गावोगाव दिसतात. मोठ्या मोटारसायकलींच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपल कंपनीनंच 2021 च्या सप्टेंबरात दिला होता. फोन खिशात ठेवावा, रस्ता माणसाला विचारावा. आपल्याकडं सांगणारे कमी नाहीत.

लिव्हरचं काम तर फुकटात होतं. गाडीवर बसा, डोळे मिटा, हात सहज पुढं करून बोटं लांबवा. ती लिव्हरवर सरळ पडली पाहिजेत. मनगट वर मुडपावं लागत असेल तर पट्टीचा बोल्ट ढिला करून लिव्हर थोडी खाली फिरवा आणि परत आवळा. पान्याचं दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या गाडीवर ते आठ वर्षं झालं नव्हतं.

आता सीट. मऊ म्हणजे आराम, हा माझाच नव्हे, निम्म्या गावाचा समज. बसल्यावर आपला भार बुडाच्या दोन हाडांवर येतो. फोम फार मऊ असला की ती हाडं तासाभरात तळाच्या पत्र्याला टेकतात आणि बाजूचा फोम मांड्यांमध्ये घुसून रक्त अडवतो. पहिले साठ किलोमीटर स्वर्ग आणि पुढचे तीनशे भोग, ते यामुळं. फोम घट्ट हवा, हाताच्या अंगठ्यानं जोर लावून दाबला तरच दबणारा. सीटवाल्यांकडं तुकडे दाबून केलेला ‘रिबॉन्ड’ फोम असतो, तो खाली आणि वर बोटभर मऊ थर, एवढं पुरे. मागची बाजू उंच करून घेऊ नका, माणूस घसरत टाकीवर येतो. बैठक मागं रुंद असावी, शिवण हाडाखाली येऊ नये. जेलची गादी चांगली असते म्हणतात, पण आमच्या उन्हात तासभर उभी केलेली जेलची सीट म्हणजे तवा.

वर काय घालावं? आईची वाकळ मी करून पाहिली. ती सरकते आणि घामानं ओली होते. पण तिच्याच सांगण्यावरून नंतर घोंगडी टाकली, तिची चौपदरी घडी जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून. लोकर हवा खेळू देते, घाम शोषूनही पटकन ओली लागत नाही, आणि खरखरीत असल्यानं माणूस जागचा हलत नाही. परदेशात लांब पल्ल्याचे स्वार सीटवर मेंढीचं कातडं घालतात, त्यामागचं गणित हेच. अमेरिकेत अशा लोकांची ‘आयर्न बट असोसिएशन’ नावाची संघटना आहे. नावाचा अर्थ ‘लोखंडी बुडाची मंडळी’. चोवीस तासांत 1000 मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर कापले की सदस्य होता येतं. मला तिथं जायचं नाही, पण बूड हा विषय कुणीतरी एवढा गंभीरपणे घेतला याचं बरं वाटलं.

टायर आणि शॉकअप यांच्याकडं लोक बघतच नाहीत. हवा भरणारा पोरगा “टनाटन करतो” म्हणत दगडासारखी भरतो. मग नवी गादी काय करील? चेनकव्हरच्या आसपास चिकटवलेल्या कागदावर किंवा कंपनीच्या पुस्तकात एकट्यासाठी किती आणि डबलसीट किती हे दोन्ही आकडे असतात. हवा टायर थंड असताना, निघण्याआधी मोजावी. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली खाचांचं कडं असतं, गाडीबरोबर मिळणाऱ्या वाकड्या पान्यानं ते फिरतं. ओझं असलं की एक-दोन खाचा वर, एकटं असलं की खाली, आणि दोन्ही बाजूंना सारखीच खाच. त्यानं स्प्रिंग मऊ-कडक होत नाही, गाडी ओझ्याखाली किती बसते ते ठरतं. आमच्या लाटांवर हा फरक फोमपेक्षा मोठा निघाला.

ओझं मागच्या चाकाच्या आसापलीकडं लोंबू देऊ नका, पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल डुगडुगतं. ती लोखंडी चौकट मी काढून टाकली. मृदंग आता सीटवर, माझ्या पाठीला लागून असतो. खांद्यावरची सॅकही सोडली, कारण तिचा सगळा भार कण्यातून बुडाच्या त्याच दोन हाडांवर उतरतो. साडीगार्ड परत बसवलं. मागच्या चाकाचा भाग झाकलेला असावा, मागच्याला धरायला दांडी आणि पाय ठेवायला जागा असावी, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलेलं आहे, 123 वा नियम. पण मी ते नियम वाचून बसवलं नाही. “अहो, पदर कुठं धरू?” असं घरच्यांनी एकदाच विचारलं, तेवढ्यावर बसवलं.

क्रॅशगार्डवर पाय पसरून जाणाऱ्यांना मी काही म्हणत नाही. मात्र पाय पुढं गेले की भार माकडहाडावर येतो आणि ब्रेक वीतभर लांब जातो. म्हैस तेवढी थांबत नाही. पाय आखडले तर सरळ रस्ता बघून वेग कमी करा, पायदानावर क्षणभर उभे राहा, पुन्हा बसा. तासाभरानं उतराच. पाच मिनिटं चाला, पाणी प्या. उन्हाळ्यात परभणीचा पारा अंगापेक्षा वर चढतो, तेव्हा वारा गार करत नाही, भाजून काढतो. अशा दिवसांत बाह्या वर करून जाणारा लवकर सुकतो. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि हेल्मेटखाली ओलं उपरणं ही माझी सोय. सव्वाशे सीसीची गाडी साठाच्या आत ठेवतो. त्यापुढं ती ओरडते आणि पोचायला फार तर अर्धा तास वाचतो.

मृदंग जुळवताना आम्ही एकदम सगळ्या वाद्या ओढत नाही. एक गठ्ठा हलकेच ठोकायचा, थाप मारून ऐकायचं, मग दुसरा. गाडीला मात्र मी एका दिवसात पाच ठिकाणी हात घातला होता, त्यामुळं काय कशानं दुखतंय ते कळायलाच महिना गेला. आता एक बदल केला की परभणीपर्यंत जाऊन येतो, मग दुसरा.

पुढच्या कार्तिकीला त्याच रस्त्यानं आळंदीला गेलो. नगरला उतरलो तेव्हा कंबर दुखत होती, पण माणसाची दुखावी तेवढीच. बोटं ठीक होती. मृदंगाच्या खोडाची चीर भरून तिच्यावर पितळी पट्टी मारून घेतली आहे. धूमेचा, म्हणजे डाव्या तोंडाचा, नाद थोडा बदललाय. टाळकऱ्यांना कळत नाही, मला कळतो.